पडद्यावर हुकूम कुणाचा? कॉम्प्युटरला मोठा एचडी टीव्ही जोडण्याची गोष्ट

(हे आपल्या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरलंय.)

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय इतिहास? विषय असा आहे: घरातल्या कॉम्प्युटरला जोडण्यासाठी मोठा एचडी टीव्ही कुठला घ्यायचा?

आज तुम्ही फोनवरचा व्हिडिओ एका टिचकीत टीव्हीवर टाकता. लॅपटॉपला एक केबल लावली की मॅच मोठ्या पडद्यावर. डोकं लावायची वेळच येत नाही. पण साधारण २००२ ते २०१० या काळात, मुख्यतः अमेरिकेत, हा साधा प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडत होता. लोक दुकानात टीव्ही बघायला जाताना स्वतःचा लॅपटॉप काखेत मारून जायचे. दुकानदाराला विचारायचे, "जोडून बघू का?" कारण खोक्यावर लिहिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायची सोय नव्हती.

ही भानगड का झाली, हे आज बघू. वरवर पाहिलं तर ती पिक्सेल आणि केबलची भानगड आहे. पण थोडं खणलं की खाली दुसराच प्रश्न निघतो: तुमच्या घरातल्या पडद्यावर काय दिसावं, कसं दिसावं, हे ठरवणार कोण? तुम्ही, चॅनलवाला, सिनेमा कंपनी की टीव्ही बनवणारा? तो प्रश्न आजही तुमच्या दिवाणखान्यात बसलेला आहे, म्हणून ही गोष्ट.

टीव्हीला कॉम्प्युटर लावायचाच कशाला?

थोडं मागे जाऊ. १९८४. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला गाजला. एका बाजूला सोनी, दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सल हा सिनेमा स्टुडिओ. सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवर लोक टीव्हीचे कार्यक्रम टेप करून नंतर बघत होते. स्टुडिओचं म्हणणं, ही चोरी आहे. न्यायालयानं ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमतानं सांगितलं की घरी बसून नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं हा योग्य वापर आहे. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्यांदा वेळ आपल्या हातात मिळाली.

मग १९९९ मध्ये टिवो नावाचा डबा आला. टेपच्या जागी हार्ड डिस्क. चालू कार्यक्रम थांबवा, मागे न्या, जाहिरात पुढे पळवा. ज्यांना कॉम्प्युटरचं थोडंफार कळत होतं, त्यांच्या डोक्यात लगेच आलं: अरे, हार्ड डिस्क तर आपल्या कॉम्प्युटरमध्येही आहे! त्यात एक टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं तर हाच टिवो झाला की. वर आपली गाणी, फोटो, सिनेमे सगळं एकाच ठिकाणी.

२००२ हे त्या दृष्टीनं मोठं वर्ष. त्याच वर्षी मिथटीव्ही हा मोफत लिनक्स प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली. सुरुवातीला ती सुटी मिळायचीच नाही, नव्या कॉम्प्युटरबरोबरच यायची. हातात रिमोट घेऊन, सोफ्यावरून, दहा फुटांवरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं. इंग्रजीत या प्रकारच्या रचनेला दहा फुटी इंटरफेसच म्हणायला लागले. आणि तिसरीकडे काही हौशी मंडळींनी एक्सबॉक्स हा गेमचा डबा उघडून त्यावर मीडिया प्लेयर चालवायला घेतला. त्याचं नाव पडलं एक्सबीएमसी. तुमच्यापैकी काही जण आज कोडी वापरत असतील ना? तेच ते. २०१४ मध्ये नाव बदललं.

तर कॉम्प्युटर तयार होता. आता त्याला शोभेल असा पडदा हवा. आणि इथे गाडी अडली.

दोन घराण्यांचं जुनं भांडण

टीव्ही आणि कॉम्प्युटर ही दोन वेगळी घराणी आहेत. दोघांच्या चालीरीती वेगळ्या.

टीव्हीचं चित्र पहिल्यापासून रेघांचं. आणि त्या रेघाही एकदम यायच्या नाहीत. आधी एक, तीन, पाच अशा विषम रेघा, मग दोन, चार, सहा अशा सम. याला इंटरलेस्ड म्हणतात. कमी जागेत जास्त चित्र पाठवायची ही जुनी युक्ती. आपलं दूरदर्शनचं ६२५ रेघांचं चित्रही असंच यायचं. हलत्या चित्राला हे चालून जातं. पण पडद्यावर बारीक अक्षरं किंवा एक पातळ आडवी रेघ ठेवली की ती थरथरायला लागते. कॉम्प्युटरचं सगळं काम अक्षरांचं आणि रेघांचं, म्हणून कॉम्प्युटरवाले सगळं चित्र एका दमात काढतात. याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात.

एचडी टीव्हीचं मूळ जपानमध्ये. तिथल्या एनएचके या प्रसारण संस्थेनं १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जास्त रेघांच्या टीव्हीवर संशोधन सुरू केलं आणि पुढे ११२५ रेघांची पद्धत तयार केली. अमेरिकेनं ती पाहिली, मग स्वतःची डिजिटल पद्धत बनवायला घेतली. १९९६ मध्ये ती कायद्यात बसवायची वेळ आली आणि मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल, कॉम्पॅक ही कॉम्प्युटरवाली मंडळी दंड थोपटून उभी राहिली. म्हणाली, नव्या जमान्याचा टीव्ही आहे, त्यात ही जुनी इंटरलेस्ड पद्धत कशाला? प्रोग्रेसिव्हच ठेवा. टीव्हीवाले म्हणाले, आमचे कॅमेरे, आमची यंत्रं, सगळं इंटरलेस्ड आहे, सोडणार नाही.

शेवटी तडजोड कशी झाली माहितेय? प्रसारणावर देखरेख करणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगानं डिसेंबर १९९६ मध्ये नियम मंजूर केला, पण कुठल्या आकाराचं चित्र पाठवायचं याचा तक्ताच त्यातून गाळून टाकला! ठरवा तुमचं तुम्ही. मग एबीसी आणि फॉक्स या वाहिन्यांनी ७२०पी घेतलं, म्हणजे ७२० रेघा, पण प्रत्येक वेळी पूर्ण. सीबीएस आणि एनबीसी यांनी १०८०आय घेतलं, म्हणजे १०८० रेघा, पण अर्ध्या अर्ध्या. तो 'पी' आणि 'आय' तुम्ही यूट्यूबच्या सेटिंगमध्ये बघता ना, १०८०पी वगैरे? त्यातला 'पी' या भांडणाची खूण आहे.

आता ग्राहकाची पंचाईत बघा. तो दुकानात जातो, टीव्हीवर लिहिलंय 'एचडी'. कुठलं एचडी? घरात येणारं चॅनल एक भाषा बोलतं, दुसरं चॅनल दुसरी, आणि कॉम्प्युटर तिसरी.

दुकानातले चार उमेदवार

२००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दुकानात मोठ्या एचडी टीव्हीचे चार प्रकार असायचे. प्रत्येकाची पत्रिका कॉम्प्युटरशी जुळवून बघू.

पहिला, पिक्चर ट्यूबचा टीव्ही, जुना खोका. रंग सुंदर, काळा रंग खरोखर काळा. पण सोनीचा ४० इंची ट्यूब टीव्ही सव्वाशे किलोच्या वर जायचा. उचलायला घरातली माणसं पुरायची नाहीत. वर तो बहुतेक वेळा १०८०आयवर चालायचा, म्हणजे कॉम्प्युटरची अक्षरं थरथरणार.

दुसरा, डीएलपी. यात आत एक दिवा आणि बोटाच्या पेराएवढ्या चिपवर लाखो इवले आरसे. प्रत्येक आरसा हलून पडद्यावर मागच्या बाजूने उजेड टाकतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली कल्पना. मोठा पडदा आणि किंमत त्या मानानं कमी. पण दिवा काही हजार तासांनी बदलायचा. आणि एक छुपी गोम होती. '१०८०पी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डीएलपी टीव्हींमधल्या चिपवर आडवे १९२० आरसे नसायचेच, असायचे निम्मे. ती यंत्रणा चित्र अर्धा पिक्सेल इकडे तिकडे हलवून एका आरशाकडून दोन ठिपक्यांचं काम करून घ्यायची. सिनेमा बघताना कळायचं नाही. विंडोजचा एखादा फोल्डर उघडला की अक्षरं जराशी मऊ, पुसट.

तिसरा, प्लाझ्मा. ही गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. प्लाझ्मा पडदा टीव्हीसाठी जन्मलाच नव्हता! १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो बनवला, तो प्लेटो नावाच्या शैक्षणिक कॉम्प्युटर यंत्रणेसाठी. त्या काळी कॉम्प्युटरची मेमरी प्रचंड महाग. प्लाझ्माचा ठिपका एकदा पेटवला की पेटलेलाच राहायचा, म्हणजे पडदाच स्वतःची आठवण ठेवायचा. नारिंगी रंगाचा, कॉम्प्युटरचा पडदा.

आणि चाळीस वर्षांनी काय झालं? तोच प्लाझ्मा कॉम्प्युटरला जोडायला लोक घाबरू लागले! कारण त्यावर एकच स्थिर आकृती फार वेळ राहिली की तिची सावली कायमची उमटायची भीती. आणि विंडोजचा टास्कबार तर दिवसभर तिथेच बसलेला. घड्याळ, स्टार्ट बटण, सगळं काचेवर कोरलं जायचं. म्हणून प्लाझ्मावाले टास्कबार लपवायचे, काळा वॉलपेपर ठेवायचे, पाच मिनिटांत स्क्रीनसेव्हर. शिवाय ४२ इंची बऱ्याच 'एचडी' प्लाझ्मांवर ठिपके असायचे १०२४ गुणिले ७६८, म्हणजे ते चौरस नव्हते, आडवे ताणलेले. कॉम्प्युटरला ठिपका चौरस लागतो. तरी चित्राची खोली आणि हलत्या दृश्याचा सफाईदारपणा यासाठी सिनेमावेडे प्लाझ्माच घ्यायचे.

चौथा, एलसीडी. तेव्हा महाग, काळा रंग करडा दिसायचा, वेगवान दृश्यात पुसटपणा यायचा. पण एक गोष्ट पक्की: एलसीडी म्हणजे मोठा झालेला कॉम्प्युटर मॉनिटरच. ठिपके मोजून चौरस, टास्कबारची भीती नाही. काही जण तर मुद्दाम ट्यूनर नसलेले ३७ किंवा ४२ इंची एलसीडी मॉनिटर शोधायचे. चॅनल पकडायचं काम कॉम्प्युटर करेल, पडद्यानं फक्त सांगितलेलं दाखवावं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पडद्यानं फक्त सांगितलेलं दाखवावं. सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

स्टार्ट बटण गेलं कुठे?

समजा, टीव्ही घेतला. घरी आणला, केबल लावली, कॉम्प्युटर सुरू केला. आणि खालचा टास्कबार गायब! स्टार्ट बटण पडद्याच्या बाहेर.

याचं कारण ओव्हरस्कॅन. जुन्या ट्यूबला चित्राच्या कडा नीट सरळ धरता यायच्या नाहीत. म्हणून टीव्हीवाले चित्र जरा मोठं करायचे आणि कडा चौकटीआड ढकलायचे. चॅनलवाल्यांनाही हे माहीत, त्यामुळे ते महत्त्वाची अक्षरं कडेला ठेवायचे नाहीत. सपाट पडदे आले, त्यांच्या कडा अगदी सरळ, कापायचं काही कारण उरलं नाही. पण सवय गेली नाही. डिजिटल टीव्हीसुद्धा चित्र मोठं करून कडा कापत राहिले.

गणित करून बघा. १०८० रेघांपैकी खालून अडीच टक्के कापले तर २७ रेघा जातात. विंडोज एक्सपीचा टास्कबार असायचा ३० रेघांचा. म्हणजे उरल्या तीन! आणि नुसत्या कडा जात नाहीत. उरलेलं चित्र ताणून बसवताना प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यात मिसळतो, अक्षरं धूसर होतात.

यावर उपाय म्हणजे 'एकास एक' दाखवणं: कॉम्प्युटरचा एक ठिपका, पडद्याचा एक ठिपका, मध्ये ढवळाढवळ नाही. प्रत्येक कंपनीनं या सोयीला वेगळं नाव दिलं. एलजीचं 'जस्ट स्कॅन', शार्पचं 'डॉट बाय डॉट', सोनीचं 'फुल पिक्सेल'. काही टीव्हींमध्ये ही सोयच नसायची. आणि दुकानातल्या पाटीवर ही माहिती कधीच नसायची, म्हणून तर लोक लॅपटॉप घेऊन जायचे!

त्यात आणखी एक घोळ, १३६६ गुणिले ७६८. त्या काळच्या बहुसंख्य 'एचडी' एलसीडीवर हा आकडा. ७२० नाही, १०८०ही नाही. कॉम्प्युटरच्या जगात ७६८ उभ्या ठिपक्यांची जुनी सवय, त्याला १६:९ च्या प्रमाणात रुंद केलं की १३६५ आणि वर एक तृतीयांश येतात, ते झाले १३६६. आता हा आकडा आठनं भागत नाही, त्यामुळे बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना तो काढताच यायचा नाही, ती १३६० वर थांबायची. वर टीव्ही स्वतःची ओळख सांगताना कॉम्प्युटरला खोटं सांगायचा, "मी ७२०पी आहे." मग लोक पॉवरस्ट्रिपसारखं सॉफ्टवेअर घेऊन हातानं आकडे भरत बसायचे. एक आकडा चुकला की पडदा काळा.

रंगाचीही तीच तऱ्हा. कॉम्प्युटरसाठी काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा २३५. दोघांचं एकमत झालं नाही तर एक तर सगळं धुरकट दिसतं, नाहीतर अंधाराच्या दृश्यात काहीच दिसत नाही. आजही लॅपटॉप जोडल्यावर सिनेमा पांढुरका दिसत असेल, तर हेच ते.

आणि अंतर? १०८०पी घ्यायचा की ७२०पी, यावर तेव्हा मारामाऱ्या व्हायच्या. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील कळतो. त्या हिशेबानं ४२ इंची १०८०पी पडद्याचा एक ठिपका साडेपाच फुटांपलीकडून वेगळा दिसतच नाही. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून सिनेमा बघणाऱ्याला फारसा फरक पडत नव्हता. जवळ बसून मेल वाचणाऱ्याला पडत होता. म्हणजे टीव्ही निवडायच्या आधी स्वतःला विचारायचं: मी बघणार आहे की वाचणार आहे?

केबलमधला पहारेकरी

आतापर्यंतच्या अडचणी अडाणीपणाच्या होत्या. जुन्या सवयी, दोन घराण्यांचा न जुळणारा स्वभाव. पुढची अडचण मुद्दाम बांधलेली होती.

१९९९ मध्ये कॉम्प्युटरसाठी डीव्हीआय ही डिजिटल जोडणी आली. डिसेंबर २००२ मध्ये तिचं घरगुती भावंडं आलं, एचडीएमआय. सोनी, पॅनासॉनिकची मूळ कंपनी मात्सुशिता, तोशिबा, हिताची, फिलिप्स, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी मिळून ती आणली. चित्र आणि आवाज एकाच केबलमध्ये. सोयीचं काम. पण सिनेमा स्टुडिओंना भीती: एवढं स्वच्छ डिजिटल चित्र केबलमधून जाणार, कुणी मध्येच पकडून कॉपी केलं तर? म्हणून इंटेलनं बनवलेलं एचडीसीपी नावाचं कुलूप या केबलमध्ये बसलं. प्रत्येक उपकरणाच्या पोटात चाळीस गुप्त किल्ल्या. टीव्ही आणि प्लेयर आधी एकमेकांची ओळख पटवणार. पटली तर चित्र, नाही तर काळोख.

आता कल्पना करा, तुम्ही २००१ मध्ये काही हजार डॉलर मोजून एचडी टीव्ही घेतलाय. त्याला डिजिटल जोडणीच नाही, लाल, हिरवी, निळी अशी तीन अ‍ॅनालॉग पिनांची केबल आहे. ब्लू-रेच्या नियमांमध्ये तरतूद होती की स्टुडिओनं ठरवलं तर अ‍ॅनालॉग वाटेनं जाणारं चित्र ९६० गुणिले ५४० इतकं उतरवता येईल, म्हणजे एक चतुर्थांश. तुमचा टीव्ही धडधाकट, डिस्क विकत घेतलेली, चोरी कुठेच नाही. तरी चित्र पातळ होऊ शकतं, ते तुम्हाला न विचारता.

कॉम्प्युटरवाल्यांची अवस्था याहून वाईट. २००६ च्या सुरुवातीला उघड झालं की 'एचडीसीपी रेडी' म्हणून विकलेल्या अनेक ग्राफिक्स कार्डांमध्ये चिपला ते जमत होतं, पण कार्डावर किल्ल्याच बसवलेल्या नव्हत्या. दार आहे, कुलूप आहे, किल्ली नाही. नंतर घालताही येत नाही.

रेकॉर्डिंगवरही असाच डाव पडला. नोव्हेंबर २००३ मध्ये एफसीसीनं 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' नावाचा नियम काढला. १ जुलै २००५ नंतर बनणाऱ्या प्रत्येक डिजिटल ट्यूनरनं प्रसारणातली एक खूण ओळखायची आणि त्याप्रमाणे कॉपीवर बंधन घालायचं. म्हणजे फुकट, हवेतून येणारं चॅनलसुद्धा कसं साठवायचं हे तुमचा ट्यूनर ठरवणार. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या ईएफएफ या संस्थेनं लोकांना सांगितलं, तारीख उलटायच्या आत ट्यूनर कार्ड घ्या आणि स्वतःचा रेकॉर्डर बांधा. कसा बांधायचा हेही शिकवलं. आणि ग्रंथालयांच्या संघटनेसह अनेक जण न्यायालयात गेले. ६ मे २००५ रोजी, अंमलबजावणीला दोन महिने उरले असताना, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं नियम रद्द केला. कारण सरळ होतं: प्रसारण घरी पोचल्यानंतर यंत्रानं त्याचं काय करायचं, हे ठरवायचा अधिकार एफसीसीला दिलेलाच नाही.

एकवीस वर्षांपूर्वी बीटामॅक्सच्या खटल्यात जे वाचलं होतं, ते इथे पुन्हा थोडक्यात वाचलं.

जुळलं, आणि हातातून सुटलं

यानंतर गोष्टी भराभर सुधारल्या. २००७ च्या आसपास १०८०पी एलसीडी आवाक्यात येऊ लागले. १२० हर्ट्झचे पडदे आले. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, १२० ला २४ नं पूर्ण भाग जातो, त्यामुळे चित्राची अडखळ थांबवायची सोय झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं एचडी डीव्हीडी सोडली आणि ब्लू-रे जिंकली. सप्टेंबर २०१० मध्ये एचडीसीपीची मूळ किल्लीच इंटरनेटवर फुटली, आणि इंटेलनं ती खरी असल्याचं मान्य केलं. २००१ मध्येच संशोधकांनी सांगितलं होतं की साधारण चाळीस उपकरणांच्या किल्ल्या हाती लागल्या तर कुलूप तुटेल. तरी एचडीसीपी गेलं नाही, नव्या रूपात आजही तुमच्या केबलमध्ये आहे.

उमेदवारही गळत गेले. मित्सुबिशीनं २०१२ च्या शेवटी डीएलपी थांबवलं. पॅनासॉनिकनं २०१३ मध्ये प्लाझ्मा बंद केला. उरला एलसीडी, मोठा झालेला मॉनिटर. म्हणजे कॉम्प्युटरवाले जिंकले म्हणायचं?

तर तिथेच गंमत आहे. ज्या वेळी कुठलाही टीव्ही कुठल्याही कॉम्प्युटरला नीट जोडता यायला लागला, त्याच वेळी लोकांना जोडायची गरज उरली नाही. जुलै २०१३ मध्ये गूगलचं क्रोमकास्ट आलं, ३५ डॉलरला. मग कॉम्प्युटर थेट टीव्हीच्या पोटातच आला. २०१५ मध्ये विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकलं.

आपल्याकडे तर ही मधली पायरी फार थोड्यांनी पाहिली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धा एचडीमध्ये दाखवल्या गेल्या, मुंबईत केबल सक्तीनं डिजिटल झाली २०१२ च्या शेवटी. आपल्यातल्या बऱ्याच घरांनी ट्यूबच्या टीव्हीवरून थेट स्मार्ट टीव्हीवर उडी मारली. पण त्या काळाची एक खूण अजून आपल्या दुकानात आहे: 'एचडी रेडी'. हे लेबल जानेवारी २००५ मध्ये युरोपातल्या उद्योग संघटनेनं सुरू केलं. त्याच्या अटी काय होत्या? किमान ७२० रेघा, ७२०पी आणि १०८०आय दोन्ही घेता यायला हवं, आणि डिजिटल जोडणीत एचडीसीपी असायलाच हवं. म्हणजे 'रेडी' या शब्दात कुलपाची तयारीही धरलेली होती! आज आपल्याकडे ३२ इंची टीव्हीवर तो शब्द दिसतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की आत तोच जुना १३६६ गुणिले ७६८ चा पडदा आहे.

आता पडदा तुमच्याकडे बघतो

शेवटचा मुद्दा. 'पडद्यानं फक्त सांगितलेलं दाखवावं', आठवतंय? फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हिझियो या अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही कंपनीनं सरकारशी तडजोड करून २२ लाख डॉलर भरले. आरोप असा, की तिचे एक कोटी दहा लाख टीव्ही मालकाच्या संमतीशिवाय दर सेकंदाला पडद्यावरचे काही पिक्सेल उचलून, काय चाललंय ते ओळखून, कंपनीला कळवत होते. आणि हे फक्त टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपबद्दल नव्हतं. बाहेरून जोडलेला सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेयर, तेही त्यात आले. म्हणजे केबलमधून पडद्यावर जे येईल ते सगळं.

ज्या पिक्सेलांना जसेच्या तसे पडद्यावर आणण्यासाठी २००५ मधली माणसं रात्र रात्र आकडे भरत बसली, तेच पिक्सेल आता उलट्या दिशेनं बाहेर जायला लागले.

त्या मंडळींकडून शिकण्यासारखं बरंच आहे. नवा टीव्ही लॅपटॉपला किंवा छोट्या कॉम्प्युटरला जोडणार असाल, तर त्यांचेच प्रश्न विचारा. पडद्यावर खरे ठिपके किती? एकास एक दाखवायची सोय आहे का, आणि ती कुठल्या नावाखाली लपलीय? जोडणीला 'पीसी' असं नाव दिल्यावर अक्षरं सुधारतात का? बऱ्याच टीव्हींवर सुधारतात. तुम्ही बघणार आहात की वाचणार? आणि आजच्या काळाचा एक जादा प्रश्न: या टीव्हीला इंटरनेट न देता तो नीट चालतो का? काय बघताय ते ओळखायची परवानगी सेटिंगमध्ये बंद करता येते का? दुकानात विक्रेता रंग दाखवेल, तुम्ही सेटिंगचा मेनू उघडायला सांगा. आणि हो, लॅपटॉप बरोबर न्यायला अजूनही हरकत नाही.

तर आज रात्री पाच मिनिटं काढा, घरातल्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, आणि तुम्ही कधी काय काय मान्य केलंय ते वाचून बघा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!